मुखवट्यातला देव

बाबूलालने टिकारामच्या हातातला गणपतीचा लाकडी मुखवटा हिसकावला आणि चावडीत पाटील कृष्णरावांपुढे आणून ठेवला. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की गाव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळतं. आज मात्र अर्धं गाव सकाळीच लाठ्या घेऊन हजर होतं.

“देवाची इज्जत काढली यानं. देवळात नाक घासून माफी मागू दे, नाई त मुखवटा चुलीत घालतो!” बाबूलाल ओरडला.

गुन्हा असा, की कालच्या दंडारीच्या खेळात गणपती झालेल्या टिकारामने समोर आलेला नारळ परत केला होता.

‘मले नारळ कायले देता? दवाखान्याले कुलूप, अन् मुडदे मात्र मह्या पायाशी आणून टाकता!’

मुडद्याचं नाव त्याने घेतलं नव्हतं, पण गाव काही दुधखुळं नव्हतं. धानाच्या रोवणीत रुखमाला बांधावर साप चावला. दवाखान्याला नेहमीसारखं कुलूप. तेव्हा ‘गणपतीच्या देवळात नेऊन निजवा’ म्हणणारे कृष्णरावच होते; ती तिथेच गेली.  कालपासून त्यांना राग आला होता खरा; कोणाचा, ते कळत नव्हतं.

टिकाराम खाली मान घालून बसला होता. वीस वर्षं गणपती होणारा माणूस. मुखवटा गेला तर मागे उरायचं काय?

रुखमाची आई चंद्रभागाबाई कधी नव्हे ती चावडी चढून आली.

“कृष्णरावभाऊ, काल मुखवटा चढवल्यावर याचे पाय कोनं धुतले?”

“मीनं.”

“टिकारामचे?”

“नाई. गणपतीचे.”

गावाची रीतच ती. मुखवटा उतरेपर्यंत आतला माणूस देव.

“मंग बोललं कोन? याले कायले मारता, देवालेच मारा ना.” म्हातारीचा आवाज चिरकला. “मही पोरगी गेली, तवा एकाचीबी लाठी नाई निघाली.”

बाबूलालने लाठी भिंतीला टेकवली.

 कृष्णरावांनी धोतराच्या सोग्याने मुखवट्यावरची धूळ पुसली.

“गाड्या जुंपा. तालुक्याले जाऊ, दवाखान्याच्या मोठ्या साहेबापाशी. आले तेवढे सारे चला.”

मुखवटा त्यांनी टिकारामपुढे धरला.

“घाल. काल आमाले बोलला, तेच तिथं बोलजो.”

“अन् साहेबानं आत टाकलं त?”

कृष्णरावांनी मुखवटा तसाच धरून ठेवला. टिकारामने मुखवटा चढवला, तेव्हा त्यांनी रांजणातून गडवाभर पाणी घेतलं आणि सगळ्या गावादेखत ते त्याच्या पायाशी बसले.