तांदळाचा पिपा

सीताबाईची घाई अख्ख्या आरमोरीला ठाऊक. पोरगी संघप्रिया नर्सच्या यादीत लागली, नेमणूक नागपूरची, फक्त मूळ कागदपत्रं दाखवायची राहिली होती. तेवढ्यावर हिनं भाड्याचं घर सोडलं. आधी कागदं तर दाखवू दे, असं नवरा लहानूभाऊ म्हणत होते. पण ऐकेल ती सीताबाई कसली!

अख्खा ट्रक झेपणारा नव्हता. गडचिरोलीचा मुश्ताक टेलर वरोऱ्याला बिऱ्हाड हलवत होता. ट्रकवाल्यानं दोघांचं अर्धं-अर्धं जुळवून दिलं. आरमोरीचं सामान आधी चढलं आणि अर्ध्याच्या पुढं गेलं. गडचिरोलीत मुश्ताकचं सामान मावेना, तेव्हा सीताबाई शरमेनं अर्धी झाली. मुश्ताकची बायको मलिका मात्र एका शब्दानं बोलली नाही. आपल्या दोन खाटा तिनं शेजाऱ्यांकडे ठेवल्या, वर सीताबाईला चहा पाजला.

मग वरोऱ्यात त्यांचं सामान उतरलं, तेव्हा सीताबाईला राहवेल का? नव्या तांदळाचे दोन पिपे होते. त्यातला एक, चांगल्या घट्ट झाकणाचा, तिनं मलिकाच्या घरात नेऊन ठेवला. लहानूभाऊ तेव्हा चहाच्या टपरीवर होते.

संघप्रिया आदल्या दिवशीच नागपूरच्या खोलीवर आली होती. सामान पोचल्यावर संध्याकाळी तिनं उरलेल्या पिप्यात कोपरापर्यंत हात घातला. वैनगंगेच्या पुरात एकदा घरातले कागद भिजले, तेव्हापासून जपायचं ते सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून तांदळातच जायचं. ह्याच पिप्यात. तिनं तांदूळ चादरीवर ओतला. कागदपत्रांची फाईल नव्हती. लहानूभाऊ दारातच खाली बसले. ह्याचं झाकण ढिलं वाटलं म्हणून निघताना त्यांनी फाईल दुसऱ्यात टाकली होती. तसं सांगितलं होतं, म्हणाले. सांगितलंही असेल, बाईचं लक्ष होतं कुठं!

तपासणी दुसऱ्या दिवशी अकराला. झेरॉक्स चालत नाही, आणि नाव पुकारल्यावर उमेदवार हजर नसला की बाद. मुश्ताकचा नंबर ट्रकवाल्याकडेच, आणि ट्रकवाल्याचा फोन लागेना. घरात फोन एकच, संघप्रियाचा, आणि इकडं त्याच्यावर आरमोरीहून अभिनंदन सुरू होतं. तिसऱ्या फोननंतर तिनं तो बंद करून टाकला आणि भिंतीला टेकून बसली. रडलीसुद्धा नाही. रडली असती तर आईला जवळ तरी घेता आलं असतं.

“मी पहाटच्या गाडीनं जातो अन् घेऊन येतो,” सीताबाई म्हणाली. “तू हापिसच्या दारात उभी राय.”

“रिकाम्या हातानं उभी राहू?”

सीताबाईला वाटलं, राहील. आईचं ऐकते ती.

मेली ती गाडी बुटीबोरीच्या पुढं बंद पडली. दुसरी मिळायला दोन तास गेले, आणि वरोऱ्यात उतरल्यावर गल्ली सापडेना. मलिकाचं दार दिसलं तेव्हा पावणेअकरा झाले होते. अंगणात पिपा धुऊन उपडा घातलेला होता. सीताबाईनं धावत जाऊन तो उचलून पाहिला.

मलिकानं धरून बसवलं. फाईल रात्रीच सापडली होती. तिच्यातल्या संघप्रियाच्या नंबरावर मुश्ताकनं फोन लावून लावून पाहिला, बंद. तपासणीच्या पत्रात हापिसाचा पत्ता होता, वेळ होती. सकाळीच फाईल घेऊन तो नागपूरला गेला होता. सीताबाईनं मलिकाचे हात कपाळाला लावले. आयुष्यात एवढं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

मलिकानं नवऱ्याला फोन लावून तिच्या हाती दिला.

“बाई, मी दारातच उभा आहो,” मुश्ताक म्हणाला. “एकेक पोरीले नाव विचारून राह्यलो. तुमची पोरगी नाई आली.”

सीताबाईनं मलिकाच्या घरातल्या दुसऱ्या फोनवरून संघप्रियाला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पोरगी अजून त्या भिंतीलाच टेकून बसली असेल, हे तिला आत्ता कळलं. खोली शहराच्या दुसऱ्या टोकाला होती.

फोनमधून गलका ऐकू येत होता. नावं सुरू झाली होती. मग संघप्रियाचं नाव आलं, बापाच्या नावासकट, खणखणीत.

“साहेब, कागदं आहेत,” मुश्ताक ओरडत होता. “पूरे आहेत. पोरगी येऊन राह्यली.”

दुसऱ्यांदा नाव आलं. तिसऱ्यांदा आलं.

“हाजर,” वरोऱ्याच्या अंगणातून सीताबाई फोनमध्ये म्हणाली. “हाजर आहे जी. हाजर.”

तिकडं पुढचं नाव पुकारलं गेलं.