गाडीला कुणाची दृष्ट

आमची गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके खायला लागली आणि माझं लग्न अडलं. दोन्हींचा संबंध आईने लावला होता, आणि तो तोडणं मला जमत नव्हतं.

झालं ते असं. बाबांनी जुनी पण ठणठणीत गाडी घेतली. इझकी गावातल्या आमच्या गल्लीत ती आली तेव्हा शेजारच्या झुवैना खाला दारातच उभ्या होत्या. अगदी नवीकोरी वाटते, असं त्या म्हणाल्या आणि पुढे, दृष्ट लागू नये म्हणून म्हणतात ते 'माशाअल्लाह' म्हणायचं विसरल्या. आईने ते ऐकलं आणि मनात ठेवलं. काही दिवसांतच गाडी उभ्या उभ्या थरथरू लागली, चौकात बंद पडू लागली.

आई तेव्हा खालांच्या मुलीसाठी, रायासाठी, मागणी घालायला जाणार होती. कॉलेजात राया भौतिकशास्त्राला होती, मी रसायनशास्त्राला. आमचं आपसात ठरलेलंच होतं. ही जोडी आयांना आपणहून सुचायची तेवढी बाकी होती, आणि तीही सुचली होती. आता आई म्हणाली, ज्या घरातली नजर लोखंडाला लागते त्या घरातली सून मला नको.

गाडीचं खरं दुखणं सापडलं तर खाला सुटतील, असं मला वाटलं. प्लग काढून पाहिले. टोकं पांढरीफटक होती, म्हणजे इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळत होतं. मग दोष वाचायचं छोटं यंत्र जोडलं. गाडी स्लोला, म्हणजे रेस न देता जागेवर चालू असताना इंजिनाचा संगणक नेहमीपेक्षा पंचवीस टक्के जास्त पेट्रोल सोडत होता आणि तरी कमीच पडत होतं. रेस दिली की तो आकडा उतरून शून्याजवळ यायचा. पेट्रोलचा पंप थकला असता तर उलट झालं असतं, वेगाबरोबर तुटवडा वाढला असता. तेव्हा हवाच कुठून तरी चोरवाटेने शिरत असणार. स्लोला इंजिन हवा घोट घोट घेतं, तिथे अशी चोरी भारी पडते. रेस दिल्यावर ते घटाघटा पितं, तिथे ती जाणवतही नाही.

इंजिन थंड असताना चालू केलं आणि एकेका जोडावर कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा अगदी थोडा फवारा मारत गेलो. जिथून हवा शिरते तिथून स्प्रेही शिरतो, जळतो, आणि इंजिनाचा आवाज बदलतो. मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचतो अशा जागी, थरथर क्षणभर थांबली. तिथे इंजिनातली वाफ परत आत नेणारी एक रबरी नळी आहे. उष्णतेने कडक होऊन तिचा कोपर खालच्या अंगाने फाटला होता.

मी मोबाइलवर फोटो काढून आईला दाखवला.

"फाटली, बरं," ती म्हणाली. "पण आत्ताच का फाटली?"

"उन्हाने, आई."

"ऊन काय यंदाच आलंय? तुझ्या खलफान काकाची गाडी हिच्याहून म्हातारी. तिची नळी कशी शाबूत? दृष्टीला शिरायला कुठून तरी जागा लागतेच, बाळा. तू ती जागा शोधलीस, एवढंच."

मी काहीही शोधलं असतं तरी ती दृष्टीचीच जागा ठरली असती.

दुसऱ्या दिवशी नवी नळी घेऊन आलो तर आई गाडीपाशी पेला घेऊन उभी. ज्याची दृष्ट लागल्याचा संशय असतो त्याने पिऊन उरवलेली कॉफी पाण्यात कालवून दृष्ट लागलेल्यावर शिंपडतात. गुण आला की संशय पक्का. आईने सकाळी झुवैना खालांना अगदी प्रेमाने कॉफीला बोलावलं होतं. खाला बिचाऱ्या तीन खजूर खाऊन, आईला आशीर्वाद देऊन गेल्या होत्या. त्यांच्या कपातला शेवटचा घोट आता बॉनेटवरून ओघळत होता.

"लाव चालू," आई म्हणाली.

नळी माझ्या खिशात होती. ती आधीच बसवली असती तर खाला कायमच्या दोषी ठरल्या असत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असं आम्हाला प्रयोगशाळेत शिकवायचे; त्याचा इतका उपयोग मला तिथे कधी झाला नव्हता. मी फाटक्या नळीनिशी गाडी चालू केली. ती नेहमीसारखी थरथरली आणि बंद पडली. बिघडलेल्या इंजिनाचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"मग हिची नाही," आई म्हणाली. तिची जराशी निराशाच झाली होती.

संध्याकाळी नळी बसवून टाकू, असा माझा विचार होता. पण दुपारीच शैखा मावशी आली आणि तिचीही कॉफी बॉनेटवर गेली. मग बाबांचे मित्र आले, त्यांची गेली. आईचा तपास आता कुठे सुरू झाला होता. गाडी ज्या दिवशी सुधारेल त्या दिवशीच्या पाहुण्यावर शिक्का बसणार होता. शैखा मावशीवर बसला तर माझ्या लग्नात गाणार कोण? बाबा खजुराच्या बागेत पायी जायचे आणि परत आल्यावर, घरात शिकलेला मुलगा असल्याचा उपयोग काय, असं भिंतीला विचारायचे.

रायाला सगळं कळवलं. तिने एकच ओळ लिहिली: "कुणावर शिक्का बसला तर चालेल, ते ठरव."

असा माणूस घरात एकच होता.

"आई, माझीच लागली असेल," मी म्हणालो. "रोज तिच्या पोटात डोकं घालून बसतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. "मलाही तसंच वाटत होतं रे. पण आपल्याच पोराला कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात असताना मी नळी बसवली, क्लिपा आवळल्या, मग आत जाऊन कॉफी प्यायलो आणि तळाशी घोटभर उरवली. आईने ती शिंपडली. गाडी एका झटक्यात चालू झाली आणि गुळगुळीत आवाजात चालत राहिली. यंत्रावर आकडा तीन टक्क्यांवर आला होता. तो मीच पाहिला. आई रडत होती, माझ्या कपाळावर हात ठेवून काहीबाही पुटपुटत होती.

त्याच दिवशी ती हलव्याचा डबा घेऊन झुवैना खालांकडे गेली. विनाकारण संशय घेतला याची टोचणी लागली होती, म्हणून तिने सगळं मोकळेपणाने सांगून माफी मागितली. आणि दृष्ट कुणाची निघाली तेही सांगितलं.

रीतसर मागणी घालायला मी आणि बाबा गेलो. अंगणात खालांच्या मुलाची, नासिरची, नवी गाडी होती, तिच्यावर जाडजूड चादर घातलेली. आम्ही बसलो तसं नासिरच्या तान्ह्या पोराला उचलून आत नेण्यात आलं. खालांनी होकार दिला. मग मला जवळ बोलावलं.

"तुझ्या मनात काही वाईट नाही, मला ठाऊक आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण रायाकडे बघताना आधी माशाअल्लाह म्हणायचं. रोज. आणि नासिरच्या गाडीकडे बघूच नकोस."

मी कबूल केलं. आम्ही फाटकाबाहेर पडत होतो तेव्हा मागे नासिरने चादर काढून गाडी चालू केली. एका सिलिंडरला ठिणगी पोचत नव्हती, नुसत्या कानाने कळत होतं. मी मान खाली घालून चालत राहिलो.