सेहेचाळीस दारं

ऑफिसात तिला सगळे दारवाली म्हणत. आर्किटेक्टचं ऑफिस ते, माणसं मोजून अकरा. कुणी जिने काढायचं, कुणी छपरं, पण दारं फक्त तिची. कंप्युटरवर इमारतीचं मॉडेल उभं राहिलं की त्यातल्या प्रत्येक दाराची जात हिने ठरवलेली असायची. त्या जातीला ते स्टाइल म्हणत. झडप किती रुंद, किती जाड, चौकट केवढी, काच हवी की नको, दार कुठल्या अंगाला उघडणार, हे सगळं स्टाइलमध्ये एकदाच भरायचं. मग त्या जातीची शंभर दारं इमारतीत लावा, मूळ स्टाइलमधला एक आकडा बदलला की शंभरच्या शंभर दारं डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलायची. "हिच्या एका बोटावर अख्ख्या गावाची दारं नाचतात," असं जिनेवाला म्हणायचा.

त्या आठवड्यात मात्र ते बोट काही केल्या टेकेना.

काम होतं वृद्धांसाठीच्या निवासाचं. दोन मजले, सेहेचाळीस खोल्या, प्रत्येक खोलीला तिची बाथरूम. खोल्या बेताच्याच. सरांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं, "बाथरूमची दारं आत उघडतील." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दार बाहेर उघडलं की झडप थेट भिंतीतल्या कपाटावर आदळत होती. मॉडेलमध्ये तर ती कपाटात चार बोटं घुसलेलीच दिसायची. कपाट हलवावं तर पलंग अडतो, पलंग सरकवावा तर खिडकी अडते.

दारवालीने स्टाइलमध्ये 'आत' भरलं. पाच मिनिटांनी पुसलं. 'बाहेर' भरलं. तेही पुसलं. मग सरकतं दार करून पाहिलं, पण झडप सरकायची त्या भिंतीत पाण्याचे नळ होते. दुमडतं दार करून पाहिलं, तर त्या सांध्यात कुणा आजीची बोटं चेमटतील असं वाटून अंगावर काटा आला. झडप अरुंद केली, तेव्हा चाकाची खुर्ची चौकटीत अडकली. गुरुवारी दुपारपर्यंत तिच्या यादीत एकाच बाथरूमच्या नऊ स्टाइल झाल्या होत्या आणि ती पाणी प्यायला आठव्यांदा उठली होती.

"अगं, दार करतेयस की स्थळं बघतेयस?" जिनेवाला म्हणाला. "नऊ झाली, एकही पसंत पडेना!"

ती हसली नाही. सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "उद्या पाचला नकाशे जाणार. हे दार अजून का लटकलंय?"

"सर, आत उघडणाऱ्या दाराशी माणूस पडला, तर ते बाहेरून उघडत नाही."

"नियमात बसतंय ना?"

"बसतंय."

"मग तू कशाला जीव टांगणीला लावतेस?"

तिने पुन्हा 'बाहेर' भरलं. खरं कारण ऑफिसात कुणाला सांगितलंच नव्हतं तिने.

दोन वर्षांपूर्वी तिचे वडील घरच्या बाथरूममध्ये पडले होते. सुतार माणूस, सत्तरी उलटली तरी रंधा हातातून सुटला नव्हता. पडले ते नेमके दाराला पाठ लावून. दार आत उघडणारं. घरात एकटी थोरली बहीण. ती वडिलांच्याच हाताखाली शिकून सुतार झाली होती, कारखाना आता तीच चालवायची. दार फोडून वडिलांना बाहेर काढायला तिला पाऊण तास लागला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात ते गेले. आणि दवाखान्याच्या त्या लांबलचक व्हरांड्यात, नातेवाइकांच्या देखत, दारवाली बहिणीला म्हणाली होती, "पाऊण तास, ताई? एक दार उघडायला पाऊण तास? आणि म्हणे सुतार!"

तेव्हापासून दोघींत बोलणं म्हणजे घरपट्टीच्या कागदावर सही हवी असली तर "पाठवते" आणि "मिळाला", एवढंच.

त्या संध्याकाळी दारवालीने ऑफिसातून निघताना बहिणीला फोन लावला. दोनदा वाजला आणि हिनेच कापला. बसमध्ये बसली, दोन थांब्यांनंतर उतरली, परत दुसरीत चढली. रात्री नवऱ्याने विचारलं, "काय गं, पायाला भिंगरी लागलीय का आज?" तर त्याच्यावरच खेकसली. शुक्रवारी सकाळी ऑफिसला न जाता ती सरळ कारखान्यात गेली.

कारखाना होता तसाच होता. पुढे मशीन, मागे घर, मधल्या अंगणात रचलेल्या फळ्या. थोरली एका चौकटीचा सांधा बसवत होती. कानावर पेन्सिल, भुवया भुश्याने पांढऱ्या. बहिणीला बघून तिने हातोडी खाली ठेवली नाही.

"कुणाचं काही झालं का?"

"नाही. कामाचं आलेय."

"मग बोल."

दारवालीने खोल्यांचं सगळं सांगितलं. कपाट, पलंग, नळ. बोलता बोलता ती फळ्यांच्या ढिगाभोवती दोन चकरा मारून आली. "मला असं दार पाहिजे ताई, की रोज आत उघडेल, पण आतला माणूस दाराशी पडला, तर बाहेरून..."

थोरलीने हातोडी ठेवली. "ये," म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

बाथरूमचं दार नवं होतं. दिसायला साधं, आत उघडणारंच. थोरलीने ते ओढून घेतलं आणि बाहेरच्या बाजूला चौकटीवर बोट ठेवलं. "ही पट्टी बघ. दार बाहेर येऊ नये म्हणून हिलाच टेकतं. एरवी ही चौकटीचाच भाग असते, खिळ्यांनी ठोकलेली. मी वेगळी केलीय." तिने वरचा आणि खालचा खटका फिरवला. पट्टी हातात आली. मग तिने दार आपल्याकडे ओढलं, आणि आत उघडणारं ते दार अलगद बाहेर आलं. "बिजागऱ्या नाहीत याला. वर एक खुंटी, खाली एक खुंटी, त्यावर फिरतं. दोन्हीकडे जातं."

दारवाली बघतच राहिली. "कधी केलंस?"

"बाबा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात."

"पण घरात तर तू एकटीच. तू पडलीस तर बाहेरून उघडणार कोण?"

"कोणी नाही," थोरली म्हणाली. "हाताला चैन नव्हती, म्हणून केलं."

मग थोरली पट्टी हातात फिरवत, बहिणीकडे न बघता बोलू लागली.

"बाबा शुद्धीवर होते. तुला वाटलं असेल बेशुद्ध पडले होते. नाही. बोलत होते आतून. मी ढकललं, तर कळवळले. खुब्याचं हाड गेलं होतं ना. मी बिजागऱ्या काढायला गेले, तर त्यांच्या पिना आतल्या बाजूला. चौकटच उखडू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, 'वेडी आहेस का, वरचा दगड माझ्या डोक्यावर येईल.' मग म्हणाले, 'वरून काप, पण मशीन लावू नकोस, पातं निसटलं तर मी खालीच आहे.' करवतीने कापलं मी. दोन बोटं जाड लाकूड होतं. त्यांनीच केलेलं. मध्येच हसले आणि म्हणाले, 'दार चांगलं केलंय बघ मी, हटत नाही.'" ती थांबली. "शेवटची दहा मिनिटं मी हाका मारत होते, 'आहात ना बाबा?' तेव्हा काही बोलले नाहीत."

"ताई, तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं कुठे? तू हिशेब मागितलास मिनिटांचा."

"मी जे बोलले ते..."

"बोललीस ते बोललीस." थोरलीने कानावरची पेन्सिल काढली. "माप घे. पाचला जाणार ना तुझे नकाशे?"

दारवाली माप घ्यायला लागली. दोनदा चुकली. दोन्ही वेळा थोरलीने टेप तिच्या हातातून न घेता नुसतं "परत" म्हटलं.

बारा वाजता ती ऑफिसात पोचली ती धापा टाकतच. दहावी स्टाइल करायला बसली. ही सोपी नव्हती, कारण कंप्युटरला दार एक तर आत माहीत किंवा बाहेर. तिने पट्टी हा वेगळा तुकडा म्हणून घडवला, खुंट्यांसाठी झडपेची कड किंचित गोल केली, जमिनीच्या नकाशात आत उघडणारी रेघ ठळक आणि बाहेर उघडणारी तुटक दाखवली. मॉडेलमध्ये दार बाहेर ओढून पाहिलं. कपाटावर टेकलंच ते, पण टेकेपर्यंत माणूस आत शिरेल एवढी जागा झाली होती. तिने तिथे एक माणूस उभा करून खात्री केली. मग जरा जाडा माणूस करून पुन्हा केली.

सरांनी चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ पडदा न्याहाळला. "कल्पना झकास आहे. पण कंप्युटरमध्ये काय, हत्तीसुद्धा उडतो. हे बनवणार कोण?"

"माझी बहीण. तिच्या घरी आहे एक."

"तिच्या घरचं मला नको. एक नमुना करून साइटवर बसव. दार माझ्यासमोर उघडलं, तर सेहेचाळीसही तसलीच. तोवर आजच्या नकाशात साधं, आत उघडणारंच जाईल."

पाच वाजता नकाशे गेले. तिच्या बोटाखालूनच गेले, 'आत' लिहिलेले. तिला त्या दिवशी अन्न गोड लागलं नाही.

नमुना व्हायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत दारवाली पाच वेळा कारखान्यात गेली, आणि पाचव्यांदा थोरली वैतागून म्हणाली, "सारखी येऊन लाकूड लवकर वाळत नाही गं!" पण चहाचा दुसरा कप तिने आधीच भरून ठेवलेला होता.

दहाव्या दिवशी साइटवर तळमजल्याच्या पहिल्या बाथरूममध्ये दार बसलं. सर आले, ठेकेदार आला. सरांनी दार दोनदा उघडलं-मिटलं. "छान. पण खरं कळणार कसं? कुणीतरी आत पडायला हवं." त्यांनी ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदाराने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

"मी पडते," दारवाली म्हणाली.

थोरली पटकन म्हणाली, "तू नको."

"माझंच दार आहे ना, ताई?"

ती आत गेली, कडी लावली आणि दाराला पाठ लावून फरशीवर आडवी झाली. फरशी गार होती. अंगावर दाराची सावली आणि नाकात ओल्या सिमेंटचा वास. बाहेर सरांचा आवाज आला, "हं, सुरू." आणि मग काहीच नाही. आपल्याला बाहेरचं काही दिसत नाही. बाहेरच्यांना आपण दिसत नाही. फक्त लाकूड मध्ये. असेच बाबा पाऊण तास पडून होते, आणि तरीही विनोद करत होते. कुणासाठी? स्वतःसाठी नव्हे. बाहेरची पोर घाबरू नये म्हणून.

दाराच्या पलीकडून, अगदी कानाशी, थोरलीचा आवाज आला. हलकाच. "आहेस ना?"

"आहे," ती कसंबसं म्हणाली. "ताई, आहे मी."

खटके फिरले. आतली कडी बाहेरच्या खाचेत नाणं फिरवून सरकवली. पट्टी निघाली, पाठीमागचा आधार सुटला आणि ती उताणी होऊन थेट थोरलीच्या पायांवर आली.

"चौदा सेकंद," सर घड्याळाकडे बघत म्हणाले. मग दोघी बहिणींकडे बघून ते ठेकेदाराला खिडकी दाखवायला घेऊन गेले. थोरली खाली बसली होती. दोघी तिथेच, चौकटीत, रडत होत्या. एकमेकींना काही समजावण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारवालीने मूळ स्टाइल बदलली आणि पडद्यावर सगळी दारं एका क्षणात पालटली. जिनेवाल्याने टाळी वाजवली. पण तिचा जीव काही थाऱ्यावर येईना. एका क्लिकवर भरवसा ठेवायची तिची तयारी नव्हती. तिने खोल्या एकेक उघडून पाहायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत एकतीसपर्यंत पोचली, आणि तिथे दार जुनंच! तिनेच मागे त्या खोलीत हाताने बदल करून पाहिला होता. आणि हाताने बदललेल्या दाराला मूळ स्टाइलचं ऐकावं लागत नाही. तिने ते दुरुस्त केलं, परत पहिल्या खोलीपासून सगळं तपासलं आणि थोरलीला फोन केला.

"ताई, एक राहिलं होतं. मी पाठवलेल्या दारांच्या यादीवरून कापायला तर नाही ना घेतलंस?"

"नाही घेतलं. तुझा स्वभाव माहितीय मला. आज ना उद्या फोन येणार म्हणून थांबले होते."

काम पावणेचार महिने चाललं. थोरलीने हाताखाली आणखी दोन माणसं घेतली. दारवाली दर रविवारी कारखान्यात जायची, आणि दोघी भांडायच्यासुद्धा. झडपेच्या रंगावरून, बाबांचा जुना रंधा कुणाकडे राहावा यावरून, कधी नुसत्या चहाच्या साखरेवरून. दारवाली रागाने तरातरा निघून जायची. सोमवारी सकाळी मात्र दोघींपैकी एकीचा फोन यायचाच.