हदिचाने पाहिलेला सिनेमा

या पंधरवड्यात ओयनिसाने सुडाचे तीन सिनेमे पाहिले आणि तिन्ही तिला पुचाट वाटले. एकात नायक वैऱ्याला ठार करतो आणि मग समुद्राकाठी तोंड पाडून बसतो. दुसऱ्यात बाई सुरा घेऊन वैरिणीच्या दारापर्यंत जाते, आत पाळण्यातलं बाळ दिसतं, की रडत माघारी. तिसऱ्यात तर शेवटी सगळेच एकमेकांच्या गळ्यात पडतात. सूड घेऊन सुख मिळत नाही म्हणे! हे सिनेमे काढणाऱ्यांना कधी धड शेजारीण लाभली नसावी, असं ओयनिसाचं मत झालं.

तिला लाभली होती. भिंतीपलीकडची हदिचा. चार वर्षांपूर्वी ओयनिसाच्या मुलीचं, इरोदाचं, लग्न ठरत आलं होतं. उझबेकिस्तानातल्या त्यांच्या मार्गिलान गावच्या रीतीप्रमाणे मुलाकडच्या बायका मोहल्ल्यात चौकशीला आल्या, हदिचाकडे चहा प्यायल्या, आणि हदिचाने आवाज खाली आणून सांगितलं, पोरगी गुणाची आहे हो, फक्त फिट येतात. इरोदाला जन्मात साधी चक्कर आली नव्हती. लग्न मोडलं आणि वर्षाच्या आत तोच मुलगा हदिचाच्या भाचीला मिळाला. इरोदा ताश्कंदला शिवणकामाला गेली ती ईदलासुद्धा घरी फिरकली नाही.

आता हदिचाच्या धाकट्याचं, संजरचं, ठरत होतं. धाकटा म्हणजे आईबापांजवळ राहणारा, आणि त्याची बायको म्हणजे पहाटे अंगण झाडून सासूच्या हातात चहा देणारी. हदिचा विधवा. त्या सुनेची ती वर्षभर वाट पाहत होती. आणि काल मुलीच्या दोन आत्या चौकशीला आल्या त्या नेमक्या ओयनिसाकडे.

आज हदिचा गरम साम्सांची, खिमा भरलेल्या समोशांची, थाळी घेऊन हजर, आणि तोंडात 'ओपा', म्हणजे मोठी ताई.

"ओपा, तुमच्यासाठी मुद्दाम केले. काल पाहुण्या आल्या होत्या म्हणे?"

"आल्या होत्या. बस ना. आणखी एक सिनेमा लावलाय."

"काय विचारत होत्या?"

"शू! आता महत्त्वाचं आहे."

महत्त्वाचं काही नव्हतं, पडद्यावर एक माणूस नुसता घोडा धूत होता. हदिचा गादीच्या कडेवर टेकली. दर थोड्या वेळाने ती तोंड उघडी, आणि ओयनिसा तिच्या हातात साम्सा देई. तिचाच. हदिचाच्या कपाळावरचा घाम पाहताना ओयनिसाला इतकं बरं वाटत होतं, की सिनेमा आणखी लांबावा असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

शेवटी नायिकेने वैरिणीला उठवून छातीशी धरलं. हदिचाला रडू फुटलं.

"बघा ओपा! माफ केलं तिने. किती मोठं मन!"

"तिला त्याचे पैसे मिळतात, हदिचा."

तेवढ्यात हदिचाचा फोन वाजला. मुलीकडचा होता. तिने झटकन उचलला. आधी तिचा चेहरा उजळला, "देताय? मुलगी देताय!" आणि मग हळूहळू विझत गेला. "वेगळं घर? पण तो धाकटा आहे हो माझा... संजर काय म्हणतो? हो म्हणाला?"

फोन खाली ठेवून ती ओयनिसाकडे वळली.

"काय सांगितलंत त्यांना?"

"मुलगा कसा, विचारलं. सोनं आहे म्हटलं. माझं छप्पर त्यानेच दुरुस्त केलं, खोटं कशाला बोलू? मग विचारलं, सासू कशी? तेव्हा इरोदाचं सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक शब्द जास्त नाही."

"माझं घर ओस पडेल, ओपा!"

"पडेल."

"तुमच्या काळजाला काहीच वाटत नाही?"

ओयनिसाने खरोखर आत डोकावून पाहिलं. दया कुठे आहे का, पश्चात्ताप कुठे आहे का. नव्हता. होतं ते सुख, चार वर्षांत पहिल्यांदा, पोट भरल्यासारखं.

"वाटतं ना. फार छान वाटतं," ती म्हणाली आणि रिकामी थाळी तिच्या हातात दिली. "एवढ्या मोठ्या घरात स्वतःचा चहा स्वतः करून एकटीने प्यायची सवय होते, हदिचा. मला झालीच की."