कोर्ट उठेपर्यंत

भूकंपात गाव पडलं तसे दोघे भाऊ लातुरात आले आणि त्यांच्या बायकांनी क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढली. थोरली केवळाबाई रांधायची, धाकटी पुनम वाढायची. चार वर्षांनी पुनमनं समोरच स्वतःची खानावळ टाकली, आणि पोरं एकेक करून तिकडं सरकली. केवळाबाईच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर औषध नव्हतं. "सोडा घालती, गोड बोलती, पोरं भुलवती," असं ती गल्लीभर सांगत सुटली. पुनमच्या खानावळीतला घास मात्र तिनं कधी चाखला नव्हता. एके दिवशी पुनमच्या दारातली गर्दी बघून तिचं डोकं फिरलं आणि हातातलं उलथनं तिनं जावेच्या कपाळात घातलं. टाके पडले, पोलीस आले, खटला उभा राहिला.

"नाकबूल म्हणा," केवळाबाईला तिच्या वकिलानं पढवलं. "पुनमबाई तडजोडीला तयार आहेत. माफ करते म्हणतात. खटलाच मिटेल."

इथंच बाई पेटली. पोरं नेली, नाव नेलं, आता मोठेपणाही हिनंच न्यायचा?

न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवला. कबूल केलंत तर शिक्षा होईल, कुणाचा दबाव आहे का, असंही विचारलं.

"कबूल हाय. मीच मारलं. तिची माफी मला नगं."

शिक्षेबद्दल काही सांगायचंय का, यावर तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. गुन्हा पहिलाच, त्यात कबुली. साहेबांनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथंच बाकावर बसून राहायचं. एवढंच? केवळाबाईला तर जिंकल्यासारखं वाटलं.

दुपारच्या सुट्टीत पुनम डबा घेऊन आली. पोलिसानं व्हरांड्यात बसून खाऊ दिलं. सकाळपासून उपाशी असलेल्या केवळाबाईनं तोंड वाकडं करत भाकरी वरणात बुडवली, आणि पहिल्याच घासाला थांबली. सोडा नव्हता, काही नव्हतं. वरण चांगलं होतं, तिच्या वरणापेक्षा कितीतरी चांगलं, आणि मत्सरानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय घालतीस गं यात?" तिनं शेवटी विचारलंच.

"तुम्हीच शिकवलं की, अक्का. गावाकडं असंच करायचात." पुनम खाली बघत म्हणाली. "हितं पोरं वाढली तसं तुम्ही वरणात पाणी वाढवलं. मी सांगायला गेले तर माझ्यावरच डाफरलात. म्हणून निघाले मी."

केवळाबाईनं उरलेली भाकरी त्याच वरणात बुडवून संपवली. सुट्टी संपली, पुनम रिकामा डबा घेऊन गेली. कोर्ट उठायला अजून अख्खी दुपार होती, आणि केवळाबाईला तिथून हलता येत नव्हतं.