ठिपक्याची शेपटी

वाल्दिव्हिया शहरात कुणाच्या गळ्यात हाताला गाठ लागली की घरातलं मोठं माणूस एवढंच म्हणायचं, "रोसाल्बाला दाखवून ये." डॉक्टर रोसाल्बा ओयार्सून नदीकाठच्या दवाखान्यात सोनोग्राफी करायची. थायरॉइडच्या गाठी तिकडे घरोघरी, आणि त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी. नेमकी वाईट कुठली, ते पडद्यावर बघून ओळखायचं हे तिचं काम. गाठ भरीव की पाण्याची, करडी की काळी, कडा गुळगुळीत की दातेरी, आत पांढरे ठिपके आहेत का, या सगळ्याचे गुण धरून एक ते पाच अशी पायरी ठरते. वरच्या पायरीवरच्या गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासायच्या, खालच्या पायरीवरची नुसती नजरेखाली ठेवायची.

हे सगळं तिनेच पिया मान्सियाला शिकवलं होतं. पियाचा हात धरून सोनोग्राफीचा प्रोब गळ्यावर कसा फिरवायचा ते दाखवलं, जेल कोमट करून लावायचं ते सांगितलं, पेशंट गिळायला लागला की थांबायचं तेही सांगितलं. मग पिया राजधानीत, सांतियागोला, पुढचं शिकायला गेली, तिथे नाव काढलं आणि परत येऊन त्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत बसू लागली. तेव्हा रोसाल्बाने स्वतः केक नेऊन तिचं स्वागत केलं होतं.

सहा महिन्यांत चित्र पालटलं. खोलीचं दार किलकिलं असलं की बाहेरचं बोलणं ऐकू यायचं.

"पिया डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यातली आहे," काउंटरवरची नेल्दा सांगायची. "रोसाल्बा डॉक्टर आत्ता मोकळ्या आहेत. चालेल?"

"नको गं बाई, थांबते मी. पिया डॉक्टर जेल कोमट करून लावतात म्हणे. किती माया!"

रोसाल्बा आत पडद्याकडे बघत बसायची, आणि तिच्याही जेलची बाटली गरम पाण्यात बुडवलेली असायची. घरी गेल्यावरही ते वाक्य कानात घोळत राहायचं. पियाच्या टेबलावर पेशंटांनी आणलेल्या मुरंब्याच्या बाटल्या दिसल्या की तिचा चहा कडू व्हायचा. ती पोर वागायला चांगली होती, हुशार होती, अजूनही तिला "मॅडम" म्हणून उठून उभी राहायची. तेच जास्त खुपायचं. उद्धट असती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

एका रविवारी ओर्तेन्सिया नेहमीसारखी संध्याकाळच्या चहाला आली. ओर्तेन्सिया म्हणजे शाळेपासूनची मैत्रीण. शिवाय तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला रोसाल्बाच धर्ममाता झाली होती, त्यामुळे दोघी एकमेकींना हक्काने "कोमाद्रे" म्हणायच्या. ती प्राथमिक शाळेत गाणं शिकवायची आणि चर्चचा गायकवृंद चालवायची. ब्रेडवर अॅव्होकाडो पसरता पसरता ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मला गळ्यात गाठ निघालीय. पियाने बघितली. तिसऱ्या पायरीची आहे म्हणते, वर्षाने परत ये."

रोसाल्बाच्या हातातला कप बशीवर जरा जोरात बसला. "पियाने?"

"अगं, ऐक तर. तुझ्यासमोर गळा उघडा टाकून पडायचं म्हणजे... काही वाईट दिसलं असतं तर तुझ्या तोंडावरून मला आधी कळलं असतं. तुझं तोंड मला पाठ आहे. त्या पोरीचं तोंड मला वाचता येत नाही, म्हणून तिच्याकडे गेले."

रोसाल्बाच्या कानात शिरलं ते एकच: पियाकडे गेले. बाकीचं वाहून गेलं.

"मग आता मला कशाला सांगतेस?"

"झोप लागत नाही म्हणून. एकदा तू बघ ना, कोमाद्रे. तू ठीक आहे म्हणालीस की मी गप्प बसेन."

दुसऱ्या दिवशी रोसाल्बाने तिला खोलीत निजवलं आणि प्रोब ठेवला. उजव्या बाजूला गाठ होती, बोराएवढी, भरीव, कडा साफ. रंग करडा, फार तर कणभर गडद. आत दोन-तीन पांढरे ठिपके चमकत होते. सगळं त्या ठिपक्यांवर होतं. ठिपक्याच्या मागे बारीक उजळ शेपटी ओढलेली दिसली तर तो गाठीतल्या घट्ट द्रवाचा, निरुपद्रवी. शेपटी नसेल तर चुन्याचा कण, म्हणजे संशय वाढला. तिने प्रोब किंचित तिरका केला आणि शेपटी दिसली. बारीक होती, पण होती. पियानेही हीच बघितली असणार. बघून नीट ओळखलीही असणार.

रोसाल्बाने प्रोब परत सरळ केला. शेपटी नाहीशी झाली. तिने तिथेच चित्र गोठवलं.

आपण काय करतोय हे तिला कळलं नाही असं नाही. पण त्याच क्षणी मन सबबी घेऊन हजर झालं: खरंच होती का शेपटी? पुसटच तर होती. रंगही गडदच म्हणायला हवा. आणि गळ्याच्या बाबतीत सावध राहिलेलं बरं नाही का? तिने गुणांची बेरीज केली. बेरीज पाचव्या पायरीवर गेली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं.

"काय गं?" ओर्तेन्सिया टेबलावरून तिच्या तोंडाकडेच बघत होती.

"सुई लावून घेऊ," रोसाल्बा म्हणाली. "पियाच्या नजरेतून निसटलंय काहीतरी."

सुईचा निकाल अर्धवट आला. पेशी वाईट आहेत असंही नाही, चांगल्या आहेत असंही नाही. एरवी काही महिने थांबून सुई परत लावली असती. पण सर्जनने समोर पाचव्या पायरीचं चित्र ठेवलं आणि म्हणाला, "चित्र इतकं संशयास्पद असताना वाट बघण्यात अर्थ नाही. ग्रंथीचा अर्धा भाग काढू."

त्या आठवड्यात पिया तिच्या दाराशी आली. "मॅडम, ओर्तेन्सियाबाईंच्या गाठीतले ते ठिपके मला साधे वाटले होते. माझं चुकलं का?"

रोसाल्बाने चष्मा काढून सावकाश पुसला. "डोळा तयार व्हायला वेळ लागतो, पिया. सांतियागोत घाईघाईने शिकवतात."

पियाचा चेहरा उतरला. मान हलवून ती गेली. रोसाल्बाला त्या रात्री गाढ झोप लागली. पुढे काही आठवडे तिला शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकू येत राहिली. पिया एकेका पेशंटला अर्धा-अर्धा तास बघत होती, साध्या गाठींनाही सुईला पाठवत होती. नेल्दा कुरकुरत होती, रांग तुंबत होती, आणि काही पेशंट परत रोसाल्बाच्या दाराशी येऊ लागले. हवं होतं ते मिळालं होतं. तरी त्याची चव तोंडात टिकेना.

ऑपरेशन जवळ आलं तशी रोसाल्बा ओर्तेन्सियाच्या घरी गेली. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत ओर्तेन्सिया मोबाइल समोर धरून अंगाई गात होती. रोसाल्बाला बघून ती थांबली आणि ओशाळून हसली.

"सुनेला दिवस गेलेत ना. म्हटलं बाळासाठी रेकॉर्ड करून ठेवावं. सर्जन म्हणतो, आवाजाची शीर तिथूनच जाते. सहसा काही होत नाही म्हणतो, पण न जाणो. नंतर आजीचा आवाज म्हणून काहीतरी घोगरं ऐकवायचं त्यापेक्षा हे बरं."

"असं काही होणार नाही."

"तू आहेस म्हणून मी धीर धरलाय," ओर्तेन्सिया म्हणाली. "तू बघितलं नसतंस तर मी वर्षभर गाफील राहिले असते. बस, चहा टाकते."

रोसाल्बाला बसवेना. फाटकापर्यंत ती कशीबशी चालत आली आणि पावसात छत्री न उघडताच नदीपर्यंत गेली.

सकाळी ती पियाच्या खोलीत शिरली. "ओर्तेन्सियाला मी बोलावलंय. प्रोब मी धरते. तू नुसतं पडद्याकडे बघ."

"मॅडम, तुमचा रिपोर्ट आहे ना. माझं मत कशाला?"

"बघ म्हणते ना."

ओर्तेन्सिया निजली. रोसाल्बाने गाठ शोधली, प्रोब सरळ धरला, मग तिरका केला. ठिपक्याच्या मागे ती बारीक उजळ शेपटी उमटली. पिया पुढे वाकली.

"शेपटी आहे," पिया हळूच म्हणाली.

"आहे. त्या दिवशीही होती. मी बघितली होती." रोसाल्बाने प्रोब खाली ठेवला. "बघून प्रोब फिरवला आणि शेपटी नसलेलं चित्र ठेवलं. रंगही मुद्दाम गडद धरला. पियाचं बरोबर होतं, ओर्तेन्सिया. तिसरीच पायरी."

ओर्तेन्सियाने गळ्यावरचं जेल पुसलं नाही, ती तशीच उठून बसली. "म्हणजे तुला खरं दिसत होतं?"

"हो."

"मग का?"

"तू तिच्याकडे गेलीस म्हणून."

"मी तिच्याकडे का गेले ते सांगितलं होतं तुला! तुझं तोंड बघवलं नसतं म्हणून गेले. आणि तू..." ओर्तेन्सिया टेबलावरून खाली उतरली. "बाळासाठी गाणी रेकॉर्ड करत बसले मी, बाई. लेकाला सांगताना रडले. आणि तू समोर उभी राहून ऐकत होतीस."

ती गेली. जाताना तिने दारही लावलं नाही.

पिया खिडकीशी उभी होती. वळली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. "आणि मला म्हणालात, डोळा तयार नाही. महिनाभर मी प्रत्येक ठिपक्याला घाबरतेय. किती बायकांना उगाच सुया लावल्या मी."

"डोळा तयार आहे तुझा. माझ्याइतकाच. तेच सहन होत नव्हतं मला."

पियाने मशीन बंद केलं. त्याच दुपारी रोसाल्बाने सर्जनला आणि दवाखान्याच्या प्रमुखांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. प्रमुखांनी तिला काही महिने एकटीने रिपोर्ट करायला मनाई केली. तिच्या प्रत्येक रिपोर्टखाली पियाची सही लागू लागली. पिया काटेकोरपणे तपासायची, एकही शब्द जास्त बोलायची नाही. पेशंट पियालाच मागायचे आणि रोसाल्बाच्या पोटात तसंच दुखायचं. दुखणं गेलं नव्हतं. फक्त आता ते आलं की ती प्रोबवरचा हात उचलायची, डोळे मिटायची आणि मग पहिल्यापासून बघायची.

ओर्तेन्सियाचं ऑपरेशन रद्द झालं. काही महिन्यांनी सुई परत लावली, तेव्हा पेशी स्वच्छ निघाल्या. हे रोसाल्बाला नेल्दाकडून कळलं. रविवारी चहाला आता कुणी येत नव्हतं. फोन केला तर पलीकडे घंटा वाजत राहायची.

जानेवारीत, तिकडच्या भर उन्हाळ्यात, ओर्तेन्सियाला नात झाली. बाप्तिस्म्याला बोलावणं आलं नाही. रोसाल्बाने विणलेलं स्वेटर ओर्तेन्सियाच्या लेकाच्या हाती पाठवून दिलं.

मग मार्चमध्ये एका सकाळी फोन वाजला.

"मासळीबाजारातून शिंपले आणलेत, जास्त झालेत," ओर्तेन्सिया म्हणाली. आवाज रागीट होता, पण खणखणीत होता. "यायचं तर ये. माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"आणि माझ्या गळ्याकडे बघायचं नाही. एकदाही नाही."

"नाही बघणार," रोसाल्बा म्हणाली, आणि कोट अंगात चढवता चढवताच तिने चपला शोधायला सुरुवात केली.