दादाचा रकाना

लेखकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं काम धाकटीचं आणि खाली खेचायचं दादाचं. पुस्तक परीक्षणांची वेबसाइट काढायची ठरली तेव्हा पहिल्याच चहाला भावाबहिणीत ही वाटणी झाली. प्रत्येक पुस्तकाला शेजारी शेजारी दोन रकाने, आणि नियम एकच: पान लोकांसमोर येईपर्यंत एकमेकांचं वाचायचं नाही.

"तू आधी वाचलंस तर माझा रागसुद्धा तपासून गुळगुळीत करशील," दादा म्हणायचा. धाकटी छापखान्यात प्रुफं तपासायची, त्यामुळे टोमणा बरोबर बसायचा. दादा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला, पण एकदा पुस्तकाचे वाभाडे काढायला बसला की जेवणाचीही शुद्ध नसे.

मग तो गेला. पहिल्या पुस्तकाचं पान पुरं व्हायच्या आत, साध्या तापाचं निमित्त होऊन.

धाकटी रडली नाही. लोकांना त्याचं भारी नवल. तिलाही वाटलं, पण शेजारच्या घरातली गोष्ट ऐकावी तेवढंच. ती कामावर जायची, चुका शोधायची, घरी येऊन ताटातलं संपवायची. कुणी दादाचा विषय काढला की नुसती मान हलवायची. तो गेला हे तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. सगळ्यांना वहिनीनेच कळवलं होतं.

वेबसाइट बनवून देणाऱ्या गृहस्थाचा एक दिवस फोन आला.

"ताई, माझं काम कधीच झालंय. सुरू करायचं की नाही?"

"दादाचा रकाना रिकामा असेल ना?"

"नाही, भरलेला दाखवतोय. आजारी पडायच्या आधी टाकलंय त्यांनी काहीतरी. वाचून दाखवू?"

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला.

तेव्हापासून तिला एक नवीन काम लागलं, न वाचण्याचं. दादाचं काहीतरी अजून शिल्लक होतं आणि वाचलं की ते संपणार होतं. म्हणून ती आपलाच मजकूर खोडत बसली, अक्षरं बदलून घेतली, पानाच्या रंगाला नाक मुरडलं. त्या गृहस्थाने हात टेकले. शेवटी वहिनीच म्हणाली, "बास झालं आता. त्यांनी लिहिलंय ते लोकांना वाचू दे. मलाही वाचायचंय."

रविवारी सकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघी बसल्या. धाकटीने बटण दाबलं. डावीकडे तिचं ऐसपैस कौतुक आलं. उजवीकडे दादा:

"रकाना चालतो का बघतोय. पुस्तक अजून वाचलेलं नाही. वाचून झालं की लिहितो. तोवर धाकटीवर विश्वास ठेवू नये."

वहिनीला हसू फुटलं आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. धाकटी पडद्याकडे बघत राहिली. इतके दिवस जिवापाड जपलं ते एवढंच होतं. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

लगेच फोन वाजला. "ताई, घोटाळा झाला हो! मी नीट बघितलंच नाही. आत्ता काढून टाकतो."

"असू दे," ती म्हणाली.

दुपारी पानाखाली एका अनोळखी वाचकाचा प्रश्न आला: "दादांचं वाचून कधी होणार? तुमचं भांडण वाचायला आवडेल."

"मी देऊ का उत्तर?" वहिनीने विचारलं.

"मी देते."

तिने लिहिलं, "दादांना सध्या वेळ नाही." खोडलं. "काही अडचणीमुळे" इथपर्यंत आली आणि तेही खोडलं. मग एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत टाइप केलं: "दादा वारला. त्याचं वाचून होणार नाही." सवयीने पुन्हा पुन्हा तपासलं. चूक कुठेच नव्हती. तिने ते पाठवून दिलं.

"वहिनी, दादा गेला गं," ती म्हणाली, जणू ही बातमी वहिनीला आत्ताच कळत होती.

"हो गं बाई," म्हणत वहिनीने खुर्ची जवळ ओढली, आणि धाकटी हुंदके देऊन रडू लागली.